पिवळ्या माशीचं बारसं

ओबरलेबाई अठरा वर्षं माशांचा स्वयंपाक करत होत्या. जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या विद्यापीठातल्या फळमाशांना मक्याच्या पिठाची खीर लागे. त्यात काकवी आणि यीस्ट. माशांना रोज ताजं, नवऱ्याला कालचं, असा बाईंचा संसार.

शेजारच्या खोलीत त्याच माशांची शाळा भरे. एक वास सोडायचा आणि सोबत विजेचा झटका द्यायचा. शहाणी माशी पुढच्या वेळी त्या वासापासून पळते. जी पळत नाही, तिच्या आठवणीच्या जनुकात खोट. खोट ज्याने शोधली त्यानेच माशीचं बारसं करायचं, असा तिथला रिवाज.

एका सोमवारी डॉक्टर फोल्कमार नाचतच स्वयंपाकघरात आला. पिवळ्या अंगाच्या माशांची एक जात काही म्हणता काही लक्षात ठेवत नव्हती.

"बाई, नाव ठरलं. ओबरले!"

"का हो? मी काय घोडं मारलंय तुमचं?"

"परवा यीस्ट घालायला विसरलात ना!"

सगळे खो खो हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षांत एकदा चुकलं, तर आता जगभर ओबरले म्हणजे विसरभोळी? शुक्रवारी नाव छापायला जाणार होतं.

निसटलेल्या माशांसाठी बाई खिडकीत व्हिनेगरची वाटी ठेवत. ती ओतून देताना त्यांचा हात थांबला. वाटीत नेहमीच्या करड्या माशा ढीगभर बुडालेल्या, पिवळी एक नाही. आणि काचेवर तर पिवळ्याच बागडत होत्या!

वाटी घेऊन त्या थेट फोल्कमारच्या टेबलाशी गेल्या.

"डॉक्टरसाहेब, वास विसरायला आधी तो यायला तर हवा! तुमच्या पोरींना नाकच नाही."

फोल्कमारने आधी हसण्यावारी नेलं. मग शंभर पिवळ्या माशा व्हिनेगरपुढे सोडून पाहिल्या. एकही तिकडे फिरकली नाही. त्याचा चेहरा बिनयीस्टच्या खिरीसारखा झाला.

"खोट बाईंनी शोधली," विभागप्रमुख म्हणाले, "बारसंही त्याच करतील."

बाईंनी चिठ्ठी आधीच लिहून आणली होती.

पुढे निवृत्त होईपर्यंत दर पंधरवड्याला त्या पिवळ्या माशा नव्या बाटलीत हलवत, मुद्दाम दार उघडं ठेवून.

"चल रे फोल्कमार, नव्या घरी! नाक नाही तर नाही, जेवून तरी घे."

"काय हो बाई?" शेजारच्या खोलीतून डॉक्टर धावत येई.

"तुम्हाला नाही हो!"

नऊ वर्षं तो दर पंधरवड्याला असाच फसला, पण त्याच्या काही ते लक्षात राहिलं नाही.