पुलाचे पाय आणि म्बाहचं घर

दारमिनला कुणी विचारलं की बाबा रे, आयुष्यभर तू केलंस काय, तर तो सरळ सांगतो, "पूल रंगवला." आणि त्यात एका अक्षराची थाप नाही. केदुंगवेसीचा लोखंडी पूल पूर्वेच्या टोकापासून रंगवत निघायचं, पश्चिमेच्या टोकाला पोचेपर्यंत मागच्या रंगाला पोपडे सुटायला लागायचे, की पुन्हा आपलं पहिल्यापासून. नोकरी रस्तेखात्याची. निवृत्त झाला तरी हातातला ब्रश काही सुटला नाही. स्वातंत्र्यदिनाच्या आधी सगळं गाव श्रमदानाला पुलावर जमायचं, तेव्हा हा कठड्याला टेकून ओरडत असायचा, "अरे, न्हाणीघराची भिंत आहे का ती? आधी गंज खरवडा, मग रंग! आई-बापाने हात दिलेत ना तुम्हाला?"

तोंडाचा फटकळ, मनाने भित्रा आणि, आता स्पष्टच बोलायचं तर, डोक्याने जरा संथ माणूस. कुठलीही नवी गोष्ट त्याच्यापुढे आली की तो टोपी मागे सारून टाळू खाजवायचा आणि म्हणायचा, "मला काही उमगत नाही बुवा."

हा गोंधळ घराण्यातच आहे म्हणा. डचांनी साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्यांसाठी हा पूल घातला, तेव्हा त्याचा सांगाडा सुटा सुटा होऊन बोटीने आला होता. प्रत्येक तुकड्यावर आकडा ठोकलेला, आकड्याला आकडा जुळवायचा आणि लाल तापलेल्या रिव्हेटने शिवून टाकायचं. ते रिव्हेट भट्टीतून वर भिरकावले जायचे आणि वर बसलेला एक जण ते पत्र्याच्या डब्यात झेलायचा. तो झेलणारा म्हणजे दारमिनचा आजोबा. पुढे स्वातंत्र्याच्या लढाईत डचांचे ट्रक अडवायला याच पुलाला सुरुंग लावला गेला, आणि लावणारा कोण, तर त्याच आजोबाचा धाकटा भाऊ! पूल पडला नाही. खालची एक तुळई तेवढी वाकली, ती आजही वाकडीच आहे. आजोबा म्हणे दिवसभर काठावर बसून राहिला. पूल वाचला म्हणून हसावं की ट्रक येणार म्हणून रडावं, ते त्याला कळेना.

दारमिनचा बाप सोंतो याच पुलाचा राखणदार होता. सुरो महिना लागला की आमच्याकडे घरोघरी पिढीजात कट्यारी बाहेर काढतात, लिंबाच्या रसाने धुतात, तेल लावतात, धूप घालतात. सोंतो घरची कट्यार धुऊन झाली की उरलेली लिंबं आणि खोबरेलाचा डबा घेऊन पुलाच्या पश्चिम टोकाखाली उतरायचा. तिथे दगडी ओट्यावर लोखंडाचे जाडजूड, लाटण्यासारखे गोल रूळ आडवे बसवले होते आणि त्या रुळांवर पुलाचं टोक टेकलं होतं. "हे म्हाताऱ्याचे पाय," तो म्हणायचा. म्हातारा म्हणजे म्बाह, पुलात वस्तीला असलेला, न दिसणारा आजोबा. त्याला विचारल्याशिवाय पुलावर चाक घालायचं नाही, म्हणून आजही आमचे ट्रकवाले पुलाच्या तोंडाशी हॉर्न वाजवतात. सोंतो ते रूळ घासूनपुसून तेलाने न्हाऊ घालायचा, शेजारी फुलं ठेवायचा. ऊन चढलं की पुलातून करकर आवाज यायचा आणि मग एकदम 'खण्ण!' बाया म्हणायच्या, "म्बाह जागा झाला गं, भाताचं बघा."

बाप गेल्यावर दारमिनही ते करत राहिला. मग त्याचा एकुलता एक मुलगा प्रामुजी तापाने फणफणला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. दारमिन धावत पुलाखाली गेला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "म्बाह, माझं पोर वाचव. तुला पक्कं घर बांधून देईन. तिथे पाऊस नको, चिखल नको."

पोर वाचलं. दारमिनने शब्द पाळला. म्हाताऱ्याच्या पायांभोवती त्याने स्वतःच्या हाताने सिमेंटचं देऊळवजा घर उभं केलं. तिन्ही बाजूंनी भिंती, चौथीला काठाचा दगड, वर छप्पर, आत रुळांच्या फटीफटीत सिमेंट ठासून भरलेलं, दर्शनी बाजूला हिरव्या फुलांच्या फरश्या. फरशीवर तेलाचे डाग पडतात म्हणून तेल बंद झालं. तेव्हापासून दुपारचा 'खण्ण' आवाजही बंद झाला. गावाने वाहवा केली. म्बाह आता घरात सुखाने झोपतो, असं जो तो म्हणायला लागला. दारमिनची छाती अशी फुगली होती की काही विचारू नका.

पुढे काठाच्या दगडी बांधकामाला तडे जायला लागले. दारमिन ते लिंपायचा, ते पुन्हा उघडायचे. त्याने फुलं वाढवली, सिगारेटी ठेवल्या, एकदा कोंबडंही दिलं. तडे आपले वाढतच होते.

यंदा खालच्या अंगाला नवा काँक्रीटचा पूल तयार झाला आणि जुन्याचं काय करायचं हा प्रश्न आला. धडधाकट असेल तर पायी जाणाऱ्यांसाठी आणि मोटरसायकलींसाठी ठेवायचा, नाहीतर कापून भंगारात घालायचा. ते ठरवायला शहरातून विदुरी नावाची तरुण इंजिनिअर आली. डोक्याला उपरण्यासारखा रुमाल गुंडाळलेला, उन्हाने काळवंडलेली, बोलायला गोड. आल्या आल्या तिने दारमिनच्या बायकोच्या टपरीवरची टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, मऊ भजी हिरव्या मिरचीबरोबर हाणली आणि वागियेमला, म्हणजे त्याच्या बायकोला, खिशात टाकलं.

दोन दिवस ती पुलावर चढली, उतरली, मोजत राहिली. मग तिने दारमिनला पुलाखाली बोलावलं.

"पाकदे," ती म्हणाली. आमच्याकडे वडीलधाऱ्या काकाला अशीच हाक मारतात. "वरचा सांगाडा उत्तम आहे. तुम्ही गंज चढूच दिला नाहीत. पण हे तडे... हे घर कुणी बांधलं?"

"मी!" दारमिन ताठ झाला. "फरश्या खास मागेलांग शहरातून आणलेल्या."

विदुरीने ओठ चावला. "पाकदे, लोखंड उन्हाने वाढतं. अख्खा पूल वाढतो. ते पलीकडचं टोक दगडात पक्कं धरलंय, म्हणून हे टोक रुळांवर ठेवलं होतं. दिवसा पुढे सरकायचं, रात्री मागे."

"सरकायचं?"

"हो. थोडक्यात, पूल चालतो."

"कुठे?"

"कुठे म्हणजे... बोटभर पुढे, बोटभर मागे."

दारमिनची टोपी मागे गेली. जन्मभर ज्याला रंग दिला तो पूल रोज चालत होता आणि त्याला पत्ता नाही? "मग चालत होता तर पडला कसा नाही?"

"चालत होता म्हणून नाही पडला. तुम्ही त्याचे पाय सिमेंटात रोवलेत. आता त्याला जागा नाही, म्हणून तो दगडाला रेटतो. अजून थोडी वर्षं असंच चाललं तर हा काठच ढासळेल." मग तिने हळूच विचारलं, "पूर्वी इथे कुणी वंगण घालायचं का?"

"वंगण नाही हो. तेल. बाप घालायचा, सुरोत. पूजा होती ती."

"तुमच्या बापाने पूल जगवला, पाकदे," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने गिळलं. पण दारमिन संथ असला तरी इतका संथ नव्हता. ते न बोललेलं वाक्य त्याच्या काळजात घुसलं.

मार्ग एकच होता. घर फोडायचं, रूळ मोकळे करून बघायचं. पूल सरकला तर ती 'राखावा' म्हणून लिहिणार. नाही सरकला तर कापणारे येणार.

गावच्या गवंड्याने कानांवर हात ठेवले. "म्बाहच्या घरावर घण घालू? मला लेकरंबाळं आहेत, म्बाक," तो विदुरीला म्हणाला; आमच्याकडे ताईला म्बाक म्हणतात. विदुरीने शहरातून मजूर आणायचं म्हटलं, तर दारमिनच आडवा आला. "कुणी हात लावायचा नाही!" तो ओरडला आणि तडक घरी निघून गेला.

घरी गेला तरी विचार काही सुटेना. प्रामुजी आता चाळिशीला टेकलेला, उत्तरेकडच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. रोज चाकांवर जीव ठेवून फिरणारं पोर. घर दिलं म्हणून पोर मिळालं. आता घर मोडलं तर? आणि नाही मोडलं तर पूल भंगारात, मग म्बाह राहील कुठे? आणि म्बाहला घर आवडलंच नव्हतं तर पोर वाचलं कसं? आणि आवडलं होतं तर तडे कशाला दिले? त्याचं डोकं अगदी भणभणलं.

"बापाने सुख दिलं म्हाताऱ्याला आणि मी त्याचे हाल केले, असंच ना?" तो बायकोवर खेकसला.

वागियेम भज्यांचं पीठ भिजवत होती. "माझ्यावर कशाला ओरडता? मी का सिमेंट कालवलं होतं?" ती म्हणाली. मग हात थांबवून म्हणाली, "अहो, पण एक सांगा. त्या घराला दार कुठे ठेवलंत?"

"दार?"

"सगळीकडून तर बुजवलंत. तुम्ही त्याला घर दिलंत की कोंडून घातलंत? मी त्याच्या जागी असते ना, तडे नाही, अख्खा काठ पाडला असता."

दारमिन तिच्याकडे बघतच राहिला. एवढी साधी गोष्ट! इतकी वर्षं फुलं वाहिली, आणि दाराचा विचारच मनात आला नाही. त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग म्हाताऱ्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी तो फुलं, धूप आणि घण घेऊन पुलाखाली उतरला. धूप लावून म्हणाला, "म्बाह, शब्द मोडत नाही. दार काढतोय फक्त. राग आला तर माझ्यावर काढ. पोराने काही केलेलं नाही." आणि पहिला घण त्या हिरव्या फुलांच्या फरशीवरच घातला. फरशी फुटली तसे त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गवंडी वरून बघत होता. थोड्या वेळाने तोही खाली उतरला आणि छिन्नी घेऊन गुपचूप शेजारी बसला.

रूळ बाहेर आले ते तपकिरी आणि सिमेंटने माखलेले. विदुरीच्या माणसांनी त्यांच्या फटी टोकरून काढल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, औषध मारलं. शेवटचं काम मात्र दारमिनने कुणाला करू दिलं नाही. लिंबं पिळली, पुसली आणि बापासारखंच खोबरेल ओतलं. विदुरी म्हणाली, "पाकदे, माझ्याकडे खास वंगण आहे." तो म्हणाला, "तेही लावा. मला आता कशाचाच भरवसा नाही."

सकाळच्या थंडाव्यात तिने खडूने एक रेघ मारली, अर्धी पुलाच्या टोकावर, अर्धी खालच्या लोखंडी पट्टीवर. दुपारी रेघ तुटली तर पूल वाचला.

ऊन चढत गेलं. काठावर माणसं जमली, वागियेमची भजी संपली. रेघ मात्र अखंडच. विदुरी नखं खात होती. दारमिन उकिडवा बसून त्या रेघेकडे असा बघत होता की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आणि मग वरून कुठूनतरी करकर सुरू झाली. जुनी, ओळखीची.

खण्ण!

सगळा काठ दचकला. रेघेचे दोन तुकडे झाले होते, बोटभर नाही, पण नखभर नक्की. "सरकला!" विदुरी किंचाळली आणि तिने वागियेमला मिठीच मारली. गवंडी नाचायला लागला. म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्बाह जागा झाला गं!"

दारमिनने खिशातून फोन काढला. प्रामुजी फोन उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा उचलेना. तिसऱ्यांदा लावला.

"काय आहे बापाक?" प्रामुजी धापा टाकत ओरडला. "इकडे टायर फुटलंय! बॉम्बसारखा आवाज झाला आत्ता!"

"तू... तू कसा आहेस?"

"मला काय धाड भरलीय? ट्रक उभा होता. मी खानावळीत भात खात होतो. घाटात फुटलं असतं तर मात्र... जाऊ दे. तुम्ही का फोन केलात?"

दारमिनला काही उमगेना. म्हातारा रागावला म्हणून टायर फुटलं, की म्हाताऱ्याने सांभाळलं म्हणून उभ्या गाडीचं फुटलं? "काही नाही," तो कसंबसं म्हणाला. "जेव तू. पोटभर जेव."

मग तो विदुरीपाशी गेला. ती आनंदाने वहीत काहीतरी खरडत होती.

"म्बाक, लोखंड उन्हात वाढतं ना, ते किती लांबवर जातं?"

"सांगितलं ना, फार तर बोटभर."

"त्याच्यापलीकडे नाही? म्हणजे, उत्तरेकडच्या रस्त्यापर्यंत वगैरे?"

विदुरी हसली, मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. "नाही, पाकदे."

"बरं," दारमिन म्हणाला. त्याने टोपी मागे सारली, टाळू खाजवली आणि पुन्हा पुलाखाली उतरला. डब्यात तेल अजून शिल्लक होतं. तेही त्याने म्हाताऱ्याच्या पायांवर ओतलं.