मामांचे सहा दोरे

कॉम्प्युटरची डिस्क हलवण्याआधी तिला तसं सांगणारा माणूस उभ्या जगात एकच असेल, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. "चल बाई, घर बदलायचंय," असं पुटपुटत ते ती पेटीतून ओढत. बघणाऱ्याला हसू यायचं. मलाही. मामा वडगावच्या विणकर घरातले. चाळिशीपर्यंत त्यांनी यंत्रमागावर साड्या काढल्या आणि माग मोडीत निघाल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरले. एवढी मोठी उडी कशी मारली, असं कुणी विचारलं की म्हणत, "उडी कसली? तिकडं तार तुटली की बोंब, हितं बी तार तुटली की बोंब."

सर्व्हर असलेल्या खोलीत ते चप्पल बाहेर काढून जात. यंत्रासमोर 'बिघडलं' हा शब्द उच्चारू देत नसत, 'जरा बसलंय' म्हणायला लावत. बंद पडलेल्या डिस्कला कान लावून ऐकत आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांना गप्प बसायची खूण करत, पंख्यालासुद्धा. पण त्यांचा खरा आग्रह क्रमाचा. मोठ्या साठ्यात सहा-सहा डिस्क असतात आणि एकेक फाईल तुकडे होऊन सहाही डिस्कवर पसरलेली असते, हे त्यांनी मला समजावलं ते असं : "पावणं, ही काय सहा पोती न्हवेत. ही एक साडी हाय, सहा मागांवर विणलेली. तुकडं उलटसुलट जोडलासा तर पदर गुडघ्यावर येतोय." म्हणून ते प्रत्येक डिस्कच्या मुठीला रंगीत दोरा बांधत. पहिलीला लाल, एक गाठ, दुसरीला पिवळा, दोन गाठी, असं सहापर्यंत. चिकटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. "गरमीनं डिंक सुटतोय. गाठ सुटत न्हाय."

टिळकवाडीतल्या एका डॉक्टरांकडे जुन्या पेटीतल्या डिस्क नव्या पेटीत घातल्यावर सगळे एक्स-रे गायब झाले होते. मामांनी खुर्चीत बसून चहा मागवला आणि नेहमीचा पहिला प्रश्न टाकला, "काय हलवलंसा?" सगळे म्हणाले, काहीच नाही, होतं तसंच ठेवलंय. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून डिस्कच्या कडांवरची धूळ बघितली. जुन्या पेटीत ज्या पंख्याच्या तोंडाशी होत्या, त्यांच्यावर थर जाड होता. दोन डिस्क त्यांनी आपसात बदलल्या आणि चहा संपायच्या आत एक्स-रे हजर. "माणूस इसरतोय," ते डॉक्टरांना म्हणाले, "धूळ न्हाय इसरत."

असा हा धूळ वाचणारा माणूस माझं तोंड मात्र वाचू शकला नाही. त्याला कारण एकच, मी घरचा जावई.

आता जे लिहितोय ते मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी मी विणकरांच्या एका सोसायटीत हेडक्लार्क होतो. मामांनी तिथं जुन्या साड्यांची नक्षी, चौकटीच्या कागदावर काढलेली, एकेक पान करून कॉम्प्युटरवर चढवली होती. त्या कामात त्यांची चार वर्षं गेली. कागद वाळवीनं खाल्लेले, चढवून झाले तसे आम्ही टाकून दिले. मग जुना सर्व्हर कुरकुरायला लागला, नवीन आला. डिस्क तिकडे हलवायच्या होत्या. मामांना सकाळी निपाणीला एका साखरपुड्याला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी डिस्कना दोरे बांधले आणि मला बजावलं, "दुपारी येतोय. तवर हात लावू नका."

सकाळी चेअरमनसाहेबांनी नव्या सर्व्हरचं उद्घाटन संध्याकाळऐवजी अकरावर आणलं. फोटोग्राफर आला, हार आले. फोटोत दोरे बरे दिसणार नाहीत म्हणून मी ते कापले आणि डिस्क नव्या पेटीत सरकवल्या, क्रम लक्षात आहे अशा समजुतीत. दोन दिवे पिवळे लागले. पडद्यावर प्रश्न आला : या डिस्कवर दुसऱ्या यंत्राची मांडणी सापडली आहे, ती स्वीकारायची की पुसायची? मामांना फोन लावला. समारंभात फोन बंद ठेवायची त्यांची सवय. बाहेर साहेबांची गाडी लागली. स्वीकारून बघितलं, दिवे पिवळेच. मग मी पुसलं. तरी पिवळे. मग 'नव्यानं मांडा' म्हटलं. सहाही दिवे हिरवेगार झाले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. साहेब मला म्हणाले, "वा! झकास!"

साहेब गेल्यावर बघितलं तर सर्व्हरवर एकही नक्षी उरली नव्हती. दुपारी मामा यायच्या आत मी कचऱ्यातले दोरे काढून डिस्कना पुन्हा बांधले, अंदाजानं. अंदाज चुकला. मामांनी जुन्या वहीत टिपलेला डिस्कच्या नंबरांचा क्रम काढून दोऱ्यांशी ताडला, तो जुळेना; वहीप्रमाणे लावून बघितलं तरी नक्षी येईना. "काय दाबलासा?" त्यांनी विचारलं. "तुम्ही नेहमी सांगता तेच," मी म्हणालो, "दोऱ्यांच्या क्रमानं लावल्या आणि स्वीकारलं." ते बराच वेळ गाठी मोजत राहिले. मग म्हणाले, "दोरं बांधताना माझ्याच हातनं चुकलं म्हणायचं." त्यांच्या घरच्या जुन्या प्रतीतून निम्मी नक्षी परत मिळाली. गेलेल्या निम्म्यात त्यांच्या वडिलांनी काढलेला एक काठ होता. सोसायटीनं त्यांना बोलावणं बंद केलं. मी गप्प राहिलो आणि दर सणाला त्यांच्या पाया पडलो.

गेल्या महिन्यात बायकोचा लॅपटॉप बंद पडला. ती मामांकडे घेऊन गेली तर त्यांनी हात मागे घेतले. "दुसऱ्या कुणाला तर दाखव गं. माझ्या हाताचा भरवसा न्हाय." हे तिनं जेवताना सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वडगावला जाऊन मी सगळं ओकलो. वाटलं होतं, ओरडतील. मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आधी पुसलासा, का आधी नवीन मांडलासा?"

"आधी पुसलं."

"तितंच थांबला असतासा, तर तासाभरात परत आणलं असतं मी." चष्मा चढवून म्हणाले, "म्हंजे गाठी माझ्या बरोबर हुत्या."

"होय मामा."

ते उठले, इस्त्रीचा शर्ट घालून आले. "चला पावणं. हे तितं जाऊन सांगा. मी बाहेर बसतो."

सोसायटीत एकही ओळखीचा चेहरा नव्हता. टेबलावरच्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कुठला सर्व्हर, काका? आता सगळं बेंगळूरूहून चालतंय. जुनं काय झालेलं, आम्हाला न्हाय माहीत." मी मामांचं नाव दोनदा सांगितलं. बाईंनी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, बहुधा माझं समाधान व्हावं म्हणून.

बाहेरच्या बाकावरून मामांनी विचारलं, "काय म्हणाले?"

त्यांना दुसऱ्यांदा फसवायचं नव्हतं. "कुणाला आठवत नाही, मामा. ते नाही, तुम्ही नाही, काहीच."

ते जरा हसले. "म्हंजे ह्यांच्या दारावरनं जायला नको म्हणून मी नऊ वर्षं उगीच वळसा घालून बाजाराला गेलो म्हणा की."

परत येताना आम्ही सरळ रस्ता धरला. मामा सावकाश चालत होते, दुकानांच्या पाट्या वाचत. एका औषधाच्या दुकानापुढे थांबून म्हणाले, "हे कवा झालं रं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'पावणं' सोडून 'रं' म्हटलं.

"झाली की सहा-सात वर्षं," मी म्हणालो.