शेपूचं फलाफल

लॉकडाऊनमध्ये हॅरिस पार्कच्या आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना जिन्याशिवाय कुठे जायला जागा नव्हती. त्यामुळे ओळखी जिन्यावरच झाल्या. खालच्या फ्लॅटमध्ये एक इजिप्शियन बाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. समोरच्या दारात एक लेबनीज आजोबा. मी आणि नवरा दोघंही घरून काम करत होतो, म्हणजे एकमेकांच्या मीटिंगा ऐकत होतो.

एका दुपारी बाईंनी आमच्या दाराला फलाफलची पिशवी अडकवली. मी एक फोडलं. आतून हिरवंगार, आणि शेपूचा भपकारा. शेपू मी लहानपणापासून खात नाही. आई शेपू-मूगडाळ करायची तेव्हा मी ताकभातावर भागवायचे. नवऱ्याने एकट्याने पिशवी संपवली. "डाळवड्याची मावसभावंडं," म्हणाला.

आजोबांच्या कानावर हे गेलंच. "ती वालासारखे फावा बीन्स वापरते," ते मला म्हणाले. "फलाफल छोल्यांचं असतं. पार्सली, कोथिंबीर, बस. शेपू माशात घालतात." लगेच त्यांचीही पिशवी आली. ती मला आवडली, आणि मी ते जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस बाई फक्त नवऱ्याला गुड मॉर्निंग करत होत्या.

मग मला कोविड झाला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. बाई राग विसरल्या. दोघंही दाराबाहेर डबे ठेवू लागले. मला दोन्हीकडची फलाफल ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची, त्यामुळे मी दोघांचं अगदी सारखं कौतुक केलं. एरवी कॉफीच्या डब्यात नाक खुपसून बसायचे. "येईल गं," नवरा म्हणायचा. मला तसं वाटत नव्हतं.

बरी होऊन कामाला लागले, तरी नाक ढिम्मच. एका सकाळी भांडी घासताना खिडकीतून वास आला. शेपू! मी बाल्कनीत धावले आणि खाली ओरडले, "तुमच्या तळणाचा वास येतोय!"

बाई डोकावल्या. "सॉरी, सॉरी," म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. वास बंद.

मी मास्क लावून खाली पळाले. "अहो, तक्रार नाही! मला वास येतोय! माझं नाक परत आलंय!"

माझं रडणं बघून त्या आधी घाबरल्या. मग दारातूनच त्यांनी हात लांब करून नॅपकिनवर एक गरम फलाफल दिलं. मास्क खाली ओढून मी खाल्लं. चव लागली. अजिबात आवडलं नाही.

"कसं झालंय?"

"शेपू आहे," मी डोळे पुसत म्हणाले.

"असणारच," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "पुढच्या वेळी तुझ्यासाठी वेगळं वाटीन."

आजोबा वरून कठड्यावर वाकून बघत होते. बाईंनी मान वर न करता आणखी एक फलाफल नॅपकिनवर घालून पायरीवर ठेवलं. आजोबा गुडघे धरत उतरले, तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिले.

"तळलंय छान," ते म्हणाले.