जाईबाईचा उजवा हात

जाईबाईच्या डाव्या हातात चार हिरव्या बांगड्या असतात, उजवा कोपरापर्यंत मोकळा. नवरा, आबाराव, धडधाकट आहे. वाशीच्या बाजारात हमाली करतो. म्हणून बायका त्या मोकळ्या हाताला नावं ठेवतात. आणि शेळी अडली की त्याच बायका तिच्या दारात येतात. "तिच्या हाताला यश आहे," म्हणतात.

आठ वर्षं तिच्या-माझ्या घराची भिंत एक आहे. रोज सकाळी चहाच्या आधी ती उजव्या हाताची नखं ब्लेडनं काढते आणि बोटांना गोडं तेल चोळते. संध्याकाळी प्रत्येक शेळीच्या शेपटीच्या मुळाशी हात फिरवते. तिथं खळगा पडला की शेळी व्यायला आली. तिनं असं करायचं चुकवलेला दिवस मला आठवत नाही.

१६ जानेवारी २०२४, मंगळवार. सकाळी अकरा दहाला अर्पिता अनवाणी धावत आली. ही कस्तुराबाईची सून, वर्षापूर्वी मुरुमहून लग्न होऊन आलेली. लग्नाच्या महिनाभर आधी तिची आई वारली. आईनं आणि तिनं मिळून वाढवलेली मैना नावाची काळी शेळी तेवढी ती माहेरून घेऊन आली होती.

"मावशी, सकाळपासून कळा देतीय. दोन पाय दिसतात, पण पिल्लू येईना. डॉक्टर दोन तासांनी येतो म्हणतात."

"दोन तास न्हाय ती टिकायची," जाईबाई म्हणाली आणि साबण घेऊन निघाली. मीही मागोमाग गेले.

मैना आडवी पडली होती, जीभ बाहेर. अर्पिताचा नवरा योगीराज त्या दोन पायांना टॉवेल गुंडाळून ओढत होता.

"सोड आधी!" जाईबाई ओरडली.

"वढल्याबिगर कसं येईल?" कस्तुराबाई म्हणाली. "दोन पाय आल्यात की."

"कुणाचे दोन पाय?"

जाईबाई त्या पायांवर वाकली.

"आपल्या शेळ्या जुळी देतात, व्हय ना? मग एक पाय ह्याचा, एक त्याचा असंल तर? एका दारातनं दोघांना वढताय तुमी!"

योगीराजचे हात टॉवेलवरून सुटले. जाईबाईनं कोपरापर्यंत साबण लावून हात धुतला, तेल लावलं, गुडघे टेकले, डोळे मिटले.

"बाई, घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली की सांगा. मग तिला इसावा द्यायचा."

हात आत गेला. मैना ओरडली. कळ आली तसा जाईबाईचा चेहरा पिळवटला. आत हात आवळला जात होता. अर्पिता मैनाचं डोकं मांडीवर घेऊन "माय, माय" करत होती.

"भुंडा हात घातला, आता काय व्हायचं ते—" कस्तुराबाई पुटपुटली.

"तुमच्या डझनभर बांगड्या घालून आत हात घालू का?" जाईबाईनं डोळे उघडले नाहीत. "ह्यो खालचा सांधा हिकडं वळतोय, वरचा तिकडं. मागचा पाय हाय ह्यो, दुसऱ्याचा. पुढच्या पायाचे दोन्ही सांधे एकाच अंगाला वळतात."

"चार मिनिटं," मी म्हणाले.

"लोटते मागं. अर्पिता, धर तिला."

मैना थरथरली आणि गप्प झाली. मला वाटलं, गेली.

"पाच."

"थांबा!"

मधे एक विसावा झाला; पहिलं पिल्लू अकरा बावन्नला आलं. जाईबाईनं नाक पुसलं, तोंडातला चिकटा काढला, छाती चोळली. श्वास नव्हता. ते बाजूला ठेवून तिनं पुन्हा हात घातला. बारा वाजून तीन मिनिटांनी दुसरं पिल्लू मागच्या पायांनी आलं आणि शिंकलं. मैना हललीसुद्धा नाही. अर्पितानं पिल्लू तिच्या नाकाशी धरलं. बारा वीसला मैनानं जीभ काढून ते चाटलं.

"नशीब म्हणायचं," कस्तुराबाईनं पदरानं डोळे टिपले. "तुझा हातच लाभी गं."

जाईबाई माझ्याकडे वळली. "बाई, लिवा. मेलेलं बी लिवा."

तिच्या प्रत्येक बोलावण्याची नोंद मी वहीत लिहीत आले आहे. आठ वर्षांत त्रेचाळीस वेळा तिला बोलावणं आलं. अकरा पिल्लं आणि तीन शेळ्या गेल्या. गाव ते विसरतं. ती विसरत नाही.

"मावशी, आत तर काय दिसत न्हाय," अर्पिता म्हणाली. "मग पाय कसा वळखला?"

"माझी पयली शेळी अशीच अडली. मला वळखला न्हाय, मी वढत राहिले. मेली ती. तवापासनं जित्तं असो, मेलेलं असो, हाती आलेल्या हरेक पिल्लाचे पाय डोळं मिटून चाचपते." तिनं मेलेलं पिल्लू अर्पिताच्या मांडीवर ठेवलं. "मिट डोळं."

"अगं, पोरीला मेलेलं कशाला धरायला लावतीस?" कस्तुराबाई म्हणाली.

अर्पितानं डोळे मिटले. एक पाय हाती धरून वरचा सांधा वाकवला, मग खालचा.

"पुढचा."

"चूक," जाईबाई म्हणाली. "परत बघ."