शंभरातले एकशे चौदा

आमचे हे वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी वाण्याची यादी लिहिली, तर यांनी तिच्यावर लाल पेनने तीन दुरुस्त्या करून दिल्या. मी म्हटलं, "आता सामानही तुम्हीच आणा." तर खरंच घेऊन आले, आणि साबणाच्या वेष्टनावरची एक चूक मला दाखवली.

सव्वीस वर्षं यांच्याकडे बाजाराचं पान होतं. नुसते आकडे. मुंगीएवढ्या अक्षरांत डोकं घालून, हातात लाकडी पट्टी धरून हे एकेक ओळ खाली उतरायचे. त्या पानावर आपल्या हातून कधी चूक गेली नाही, याचा यांना भारी अभिमान. बाजारात स्वतःचा एक पैसा कधी घातला नाही, पण आकडा मात्र चोख हवा.

महिन्यातून एकदा त्या पानावर शॉर्ट इंटरेस्टचा तक्ता यायचा. हे काय प्रकरण असतं, म्हणून मी एकदा विचारलं.

"समज, शिडीचा भाव पडणार असं तुला वाटतंय," हे म्हणाले. "तू शेजाऱ्याची शिडी उसनी घेतलीस आणि विकून टाकलीस. भाव पडला की स्वस्तात दुसरी घ्यायची, त्याला परत करायची, मधला फायदा तुझा. अशा उसन्या घेऊन विकलेल्या आणि अजून परत न केलेल्या शिड्या दर शंभरांत किती, तो हा आकडा."

"आणि भाव चढला तर?"

"तर महागाची शिडी घ्यायची आणि रडत बसायचं."

मग तो दिवस आला. तक्त्यात एक ईटीएफ पहिल्यांदाच होता. ईटीएफ म्हणजे एक फंड, पुष्कळ कंपन्यांच्या शेअरची एक टोपली, आणि त्या टोपलीचे हिस्से बाजारात शेअरसारखेच विकले जातात. ही टोपली जहाज कंपन्यांची होती. तिच्यापुढे आकडा होता ११४.२० टक्के. म्हणजे मुळात जेवढे हिस्से आहेत, त्याहून जास्त उसने घेऊन विकलेले. यांची पट्टी तिथेच थांबली. शंभरातले एकशे चौदा कसे असतील? आकडे पाठवणाऱ्या संस्थेला फोन लावला, तो लागेना. पान छपाईला सोडायला दहा मिनिटं उरली होती. यांनी दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं. ११.४२. घरी आल्यावर चपला काढता काढताच मला म्हणाले, "आज एक मोठी चूक पकडली."

माझा धाकटा भाऊ गोदीत क्रेन चालवायचा. त्याच वर्षी गोदी बंद झाली आणि त्याच्या हातात एकरकमी पैसे आले. ज्या दोन खोल्यांत तो भाड्याने राहत होता, त्याच विकत घ्यायच्या असं त्याचं आणि वहिनीचं ठरलं होतं. थोडे कमी पडत होते. तेवढे बाजारातून काढू, असं त्याच्या मनाने घेतलं. जन्मभर जहाजं भरली आणि रिकामी केली, तेव्हा जहाजांचं आपल्याला कळतं, हा त्याचा समज. त्याने तक्ता पाहिला. बाकीच्यांपुढे तीस, चाळीस. या फंडापुढे अकरा. म्हणजे हा पडेल असं कुणालाच वाटत नाही! त्याने फोन केला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"भावोजी, जहाजांच्या फंडाचा तो अकराचा आकडा पक्का ना?"

"मी स्वतः तपासलाय," हे म्हणाले.

"मग झालं तर."

कशाला विचारतोस, एवढंसुद्धा यांनी विचारलं नाही. मेहुणा आपलं पान वाचतो, यातच हे खूश.

पुढच्या महिन्यात तोच फंड एकशे सतरा घेऊन आला, तेव्हा यांनी पुन्हा त्या संस्थेला फोन लावला. या खेपेला तो लागला. आकडा बरोबर होता, आधीचाही बरोबरच होता. यांनी आपण होऊन संपादकांना सांगितलं, चुकीची कबुली स्वतःच्या हाताने लिहिली, ती छापून आली. संपादकांनी यांना बाजाराच्या पानावरून काढून छोट्या जाहिरातींवर बसवलं. भावाने पैसे घातलेत, हे तेव्हाही आम्हाला माहीत नव्हतं. फंड घसरतच गेला. चार महिन्यांनी अर्ध्यावर आल्यावर घाबरून त्याने विकला. खोल्या दुसऱ्या कुणीतरी घेतल्या, आणि माझा भाऊ दोन पेट्या घेऊन सासुरवाडीला राहायला गेला. जाण्याआधी आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "भावोजी, तुमच्या एका टिंबाने माझं घर खाल्लं."

त्यानंतर यांनी त्या विषयाचा पिच्छाच पुरवला. वाचनालयात जायचे, कुणाकुणाला पत्रं लिहायचे. एके दुपारी जेवता जेवता मला म्हणाले, "अगं, शंभराच्या वर जाऊ शकतो. मी शिडी उसनी घेऊन रंगाऱ्याला विकली. रंगाऱ्याने ती गवंड्याला उसनी दिली, गवंड्याने ती पुन्हा विकली. शिडी एकच, पण ती परत करायची आहे दोघांना. आणि फंडाचे हिस्से तर मागणी आली की नवीन तयार होतात. व्यापारी आधी विकतात, मग बनवून घेतात." पुढे म्हणाले, "शिवाय फंड उसना घेऊन विकणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक तो पडेल म्हणून विकतच नाहीत. एका हातात शेअर असतात, त्यांचा धोका तोलायला दुसऱ्या हाताने फंड विकतात. अकरा काय आणि एकशे चौदा काय, त्यावरून तो चढेल की पडेल हे कळत नाही."

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे तुमचा आकडा बरोबर असता तरी त्यावरून त्याला काही कळलं नसतं?"

"नसतं."

"मग सांगा ना त्याला!"

"आणि मग त्याच्याकडे काय उरेल?" हे म्हणाले. "आत्ता निदान बायकोला सांगता येतं की भावोजींनी घात केला. तेवढंही काढून घेतलं तर तिच्यासमोर तोच मूर्ख ठरेल. चूक माझी होतीच ना? असू दे माझ्या नावावर."

मी भांडले, अबोला धरला. उपयोग झाला नाही. भाचीच्या लग्नात भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "यांच्या हातात पत्रिका देऊ नका रे, तारीख बदलतील!" सगळे हसले. हेसुद्धा मान खाली घालून हसले. त्यानंतर कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. घरात पेपर येणंही यांनी बंद केलं. अशी सहा वर्षं गेली, आणि मागच्या महिन्यात हे गेले.

चौथ्या दिवशी भाऊ आणि वहिनी भेटायला आले. वहिनी चहा टाकायला आत गेली. भाऊ यांच्या खुर्चीत न बसता जमिनीवर बसला. मला वाटलं, आता तरी सांगून टाकावं. मी सगळं सांगितलं, शिडीसकट. तो ऐकत होता, पण त्याला नवल वाटलेलं दिसेना.

"मला माहीत आहे, ताई," तो हळूच म्हणाला. "त्याच वर्षी बँकेतल्या एकाने समजावलं होतं."

"मग आला का नाहीस?"

"काय तोंडाने येणार? हिला सांगून बसलो होतो की भावोजींनी बुडवलं. आणि भावोजी कधी काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना हे ठाऊकच नाही. ठाऊक असतं तर माणूस बोलला नसता का?"

"ठाऊक होतं. तुझी लाज राहावी म्हणून गप्प बसले."

तो तोंड न झाकता रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं नाही. मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर यांचाही आला होता, एवढं चांगलं वागून मला एकटीला मागे टाकून गेल्याचा.

"म्हणजे सहा वर्षं तू त्यांना उगाच शिव्या घातल्यास," मी आवाज चढवून म्हणाले. "तुझ्या बायकोसमोर तुझी मान वर राहावी म्हणून."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती केव्हाची तिथे होती, हे मला दिसत होतं. दिसत होतं, म्हणूनच मी ते मोठ्याने बोलले.