शेवंतीचा उसना बहार

आमच्या बाबांचं हृदय अकोल्याच्या दवाखान्यात होतं आणि जीव दर्यापूरच्या शेवंतीत. डॉक्टर म्हणत, ऑपरेशन लवकर करू, बाबा म्हणत, "आधी माहा बगिचा पाह्यतो, मंग सही करतो." भरती होऊन आठ दिवस झाले, म्हातारा ऐकेना. शेवटी दादाचा अकोल्याहून फोन आला, "तुह्याजवळ तो कॅमेरा हाये ना? बगिच्याचा फोटो काढ अन् आजच घेऊन ये. उशीर झाला तं काही खरं नाही म्हनते डॉक्टर!"

पण बगिच्यात फूलच उरलं नव्हतं! हंगाम संपत आलेला, शेवटचा बहार तेवढा झाडावर, आणि "लाइन आली की पंप चालू कर" एवढं एकच काम बाबा माझ्यावर सोपवून गेले होते. लोडशेडिंग असलं तरी लाइन रोज यायची हो! मीच जागेवर नसायचो. (मेहुण्याचा जुना डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून पानठेल्यापासून बकऱ्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो काढत हिंडत होतो.) आठ दिवसांत वाफ्यांचा पार कडबा झाला.

"हे पाह्यलं तं बाबा तिथंच जातीन वं आई!"

"मंग हे नका दाखवू," माझी बायको सुनंदा म्हणाली. "बाजारातून शेवंती आना, झाडाले बांधू. फोटोत थोडीच समजते!"

कल्पना इतकी पटली, की ती माझीच असल्यासारखा मी पळालो. (फुलं विकणाऱ्या घरानं फुलं विकत घेतली! बाजारात हशा पिकला.) आई आणि सुनंदा दोरा घेऊन वाफ्यात बसल्या. बघता बघता बगिचा पिवळाधम्मक!

मी कॅमेरा रोखला. काडेपेटीएवढा त्याचा स्क्रीन, आणि चार सेल घातले की जेमतेम तीन फोटो. पहिल्यात माझं बोट आलं. दुसऱ्यात पदर सावरत आई आली. तिसरा निघाला आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. स्टँडवर नवे सेल घेतले आणि काळीपिवळी जीपमध्ये कोणाच्या तरी मांडीवर बसून अकोला गाठलं.

बाबांनी चष्मा लावला, स्क्रीन नाकाजवळ धरला. मी त्यांच्या छातीकडं बघत होतो, वरखाली होतेय ना!

"चांगली हाये शेवंती."

मला हायसं वाटलं.

"पन काहून रे, हे फुलं जोडीजोडीनं कशे फुलले?"

मी पाहिलं आणि मला घाम फुटला. जन्मभर हार गुंफलेले ते चार हात! त्यांना एक फूल सुटं बांधताच आलं नव्हतं. दोन फुलं, गाठ, पुन्हा दोन फुलं, गाठ... वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ माळ, आणि मधोमध, हाताच्या सवयीनं, लोंबता गोंडा!

"गाठ तुह्या मायची हाये," बाबा म्हणाले. "खरं सांग, मेली ना शेवंती?"

"हो बाबा."

"पानी?"

"नाही देल्लं."

बाबा ताडकन उठून बसले. झालं, आता आपणच यांना मारलं, असं वाटून मला रडू फुटलं.

"डॉक्टरले बोलावा!"

"काय होते बाबा, दुखते का?" दादा ओरडला.

"सही कुठं करू ते इचार! ऑपरेशन आजच होते का पाह्य. हा बैताड आनखी आठ दिवस तिथं राह्यला तं संत्र्याचे झाडं भी वाळवते!"

ऑपरेशन झालं, बाबा ठणठणीत झाले. तेव्हापासून नात्यात कोणी म्हातारं माणूस दवाखान्याला नाही म्हणालं, की हमखास मलाच बोलावणं येतं: "दोन दिवस याच्या हाती वावर देतो म्हना, बुढा पयत पयत भरती होते!"