खंत व्यक्त केली

सरांनी माझ्या प्रबंधातल्या, एका म्हातारीच्या मुलाखतीच्या अकरा पानांवर लाल पेनाने फुल्या मारल्या आणि समासात लिहिलं, ‘निवेदिकेने खंत व्यक्त केली.’ अकरा पानांचं एक वाक्य.

"म्हातारीचा तमाशा कशाला हवाय? माहिती ठेवा, राग गाळा," सर म्हणाले.

शेजारी बसलेले प्राध्यापक म्हणाले, "मॅडमही हल्ली तिच्यासारख्याच बोलायला लागल्यात." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

सर माझे मार्गदर्शक, ठाण्याच्या कॉलेजातले. सुसंवादावर व्याख्यानं देतात. त्याबद्दल आदल्याच आठवड्यात शाल-श्रीफळ घेऊन आलेले. त्यांच्या सहीशिवाय माझी पाच वर्षं रद्दी.

म्हातारी डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावातली. जन्मभर मिठागरात राबलेली. मुलाखतीत मी शांतपणे प्रश्न विचारले, तिने शांतपणे सांगितलं, "बरं चाललंय." मग बळकावलेल्या जमिनीचा विषय काढला. ती उठून उभीच राहिली. मी पाणी पुढे केलं, तिने तांब्या बाजूला सारला. शिव्यांमधून सगळं बाहेर आलं. मनगट कोणी धरलं. अंगठा कागदावर कोणी दाबला. दारात पान चघळत कोण उभा होता. बांध कुठून कुठवर होता. सातबाऱ्यावर यातलं अक्षर नाही. राग गाळला की माहिती उरतच नव्हती.

तरी मी तो गाळला. गुळगुळीत केलेला मजकूर तिच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"ही कोन बाई गो?"

"आजी, तुम्हीच."

"मी नाय. ही त्यांच्याच घरची वाटते."

दुसऱ्या दिवशी अकरा पानं परत घातली आणि सरांपुढे ठेवली. बोलताना माझा आवाज चढला. म्हटलं, शिव्यांतच नावं आहेत. शिव्या गाळल्या की माणसं सुटतात. पाच वर्षांत माझा मुद्दा मला इतका नीट मांडता आला नव्हता.

"आवाज खाली. संशोधकाला राग शोभत नाही," सर म्हणाले. "अशाने सही होणार नाही."

"नका करू."

प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून आहे. मी त्याच गावात पुढच्या घरी जाते. आता बाई चिडली की मी पाणी पुढे करत नाही. रेकॉर्डर जवळ सरकवते.